गाडीतच मुक्काम, सोबतीला कुणीच नाही: सोलो कार कॅम्पिंगमध्ये मजा किती आणि धोका कुठे?

डिकीचं दार वर उचललेलं, आत गादी, गादीवर जाड रजई, समोर बर्फाचे डोंगर आणि हातात वाफाळता चहा. इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर असे व्हिडिओ आता रोज दिसतात. हॉटेलचं बुकिंग नाही, मित्रांच्या सुट्ट्या जुळवायची कटकट नाही. गाडी थांबेल तिथे मुक्काम आणि जाग येईल तेव्हा पुढचा प्रवास.

या व्हिडिओंमध्ये सकाळ दिसते, रात्र दिसत नाही. काचांवर साचलेलं पाणी, दोन वाजता दुखायला लागलेलं डोकं, सकाळी सुरू न होणारी गाडी आणि चाळीस किलोमीटरवर असलेलं मोबाइलचं नेटवर्क, हाही याच प्रवासाचा भाग असतो.

एकट्यानं गाडीत राहायचं म्हटलं की घरच्यांना चोराची, दरोडेखोराची किंवा जंगली जनावराची भीती वाटते. पण जिवावर बेतणारी कारणं बहुतेक वेळा वेगळी असतात: थकवा, विरळ हवा, धूर, थंडी आणि अंगातलं कमी झालेलं पाणी. या सगळ्यांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. त्यांचा परिणाम आधी विचारशक्तीवर होतो आणि मग शरीर साथ सोडतं. सोबत कुणी असेल तर 'तू ठीक दिसत नाहीस, थांब' असं सांगतं. एकट्या माणसाला हे सांगणारं कुणी नसतं. सोलो कार कॅम्पिंगची खरी अडचण इथे आहे आणि तिची तयारी घरातून निघण्याआधीच करावी लागते.

कार कॅम्पिंग म्हणजे नेमकं काय?

इंग्रजीत या शब्दाचे दोन अर्थ आहेत. गाडीतून सामान नेऊन गाडीशेजारी तंबू ठोकणं हा एक आणि गाडीतच झोपणं हा दुसरा. भारतात सोशल मीडियावर बहुतेक वेळा दुसरा अर्थ घेतला जातो. मागच्या सीट पाडून त्यावर फळी आणि गादी टाकली की साध्या एसयूव्हीत किंवा सात आसनी गाडीत एका माणसाची झोपायची सोय होते. कॅरव्हॅनमध्ये स्वयंपाकघर आणि शौचालय असतं, इथे यातलं काहीच नसतं.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेत फोर्डची 'मॉडेल टी' सामान्य माणसाच्या आवाक्यात आली आणि लोक गाडीलाच तंबू बांधून फिरायला लागले. १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टँपा शहरात अशा भटक्यांची 'टिन कॅन टुरिस्ट' नावाची संघटना स्थापन झाली. लेखक जॉन स्टाइनबेक यांनी १९६० मध्ये एका ट्रकवर छोटी खोली बसवून, फक्त कुत्र्याला सोबत घेऊन अमेरिका पालथी घातली. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९६२ मध्ये आलं. २०२० चा 'नोमॅडलँड' हा चित्रपट मात्र वेगळी बाजू दाखवतो. त्यातली माणसं हौसेपोटी गाडीत राहत नाहीत, घर परवडत नाही म्हणून राहतात.

जपानमध्ये गाडीत रात्र काढण्यासाठी 'शाचुहाकु' असा स्वतंत्र शब्द आहे. तिथे १९९३ पासून सरकारनोंदणी असलेली 'मिची-नो-एकी' म्हणजे रस्त्याकाठची थांबा-केंद्रं उभी राहिली. पार्किंग आणि स्वच्छतागृह तिथे चोवीस तास खुलं असतं. थकलेल्या चालकानं डुलकी काढणं तिथे चालतं, खुर्च्या-टेबलं मांडून संसार थाटणं अपेक्षित नसतं.

भारतात मात्र गाडीत झोपण्याची परंपरा आहे ती ट्रकचालकांची. केबिनमधली फळी, ढाब्यावरची खाट आणि हापशावरची आंघोळ यावर हजारो चालकांचं आयुष्य गेलं. रात्री कुठे थांबावं आणि कुठे नाही हे शिकायचं असेल, तर ट्रकांची रांग कुठे उभी आहे ते बघावं, हा सल्ला आजही खरा ठरतो.

भारतात गाडीत झोपणं कायदेशीर आहे का?

स्वतःच्या गाडीत झोपणं हा स्वतंत्र गुन्हा नाही. प्रश्न असतो तो गाडी कुठे उभी केली याचा.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२२ नुसार सार्वजनिक जागी इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशा पद्धतीनं वाहन उभं ठेवता येत नाही. महामार्गाच्या कडेला गाडी लावून झोपणं यात बसतं. कायदा बाजूला ठेवला तरी ते जिवावरचं आहे. डुलकी लागलेला एखादा ट्रकचालक कडेच्या पट्टीवर आला, तर उभ्या गाडीतल्या झोपलेल्या माणसाला काहीच करता येत नाही.

राखीव जंगलात विनापरवाना शिरणं आणि आग पेटवणं यावर भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार बंदी आहे. अभयारण्यात आणि व्याघ्र प्रकल्पात प्रवेशासाठी वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या तरतुदी लागू होतात. त्यामुळे ताडोबा किंवा मेळघाटच्या आतल्या रस्त्यावर रात्र काढायचा विचारही करू नये. स्पितीतल्या चंद्रताल या तलावाला २००५ मध्ये रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. त्याच्या काठावर मुक्काम करता येत नाही, तंबूंची वस्ती काही किलोमीटर अलीकडे आहे.

गाडीत बदल करतानाही काळजी घ्यावी लागते. याच मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल करायला मनाई करतं. म्हणून सीट कायमच्या उखडण्यापेक्षा सुटी फळी आणि घडीची गादी बरी.

मग थांबायचं कुठे? मोठे ढाबे, चोवीस तास चालू असलेले पेट्रोल पंप, महामार्गावरची सुविधा केंद्रं, गुरुद्वारे, होमस्टेचं अंगण आणि कॅम्पसाइटचं पार्किंग. सगळीकडे नियम एकच: आधी विचारायचं. 'रात्रभर इथे गाडी लावून झोपलं तर चालेल का?' असं विचारलं आणि तिथेच जेवलं, की नकार फारसा येत नाही. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केलं. अशा पर्यटनासाठी पार्किंग, पाणी आणि विजेची सोय असलेल्या जागा उभ्या राहाव्यात हा त्यामागचा हेतू आहे.

लोक एकट्यानं का जातात?

पहिलं कारण वेळेचं. चौघांच्या सहलीत निघायची वेळ, जेवणाची जागा आणि फोटोसाठीचं थांबणं हे सगळं तडजोडीनं ठरतं. एकट्याला एखाद्या वळणावर दोन तास बसावंसं वाटलं तर तो बसतो. एखादं गाजलेलं ठिकाण आवडलं नाही तर दहा मिनिटांत निघतो.

दुसरं कारण माणसांचं. एकटा दिसलेल्या प्रवाशाशी लोक लवकर बोलतात. टोळक्याला चहा विकला जातो, एकट्याला चहासोबत प्रश्नही येतात: कुठून आलात, एकटेच कसे, जेवलात का? रस्ता पुढे खचलाय, नाल्याला पाणी चढलंय, पंपावर डिझेल नाही, ही माहिती नकाशाच्या आधी टपरीवर कळते.

तिसरं कारण आत्मविश्वासाचं. स्टेपनी बदलणं, बॅटरीला केबल लावणं, पाणी पुरवून वापरणं, अंधारात शांत राहणं ही कामं दुसऱ्यावर ढकलता येत नाहीत. दहा दिवसांत ती अंगवळणी पडतात. २०१६ मध्ये भारुलता कांबळे यांनी ब्रिटनहून भारतापर्यंत ३२ देशांतून एकटीनं गाडी चालवली, तेव्हा त्याची चर्चा देशभर झाली होती. इतक्या मोठ्या नाही, पण पुणे ते हंपी किंवा नागपूर ते पचमढी अशा छोट्या प्रवासातही हाच अनुभव लहान प्रमाणात मिळतो.

चौथं कारण आकाशाचं. शहरातल्या माणसाला आकाशगंगेचा पट्टा डोळ्यांनी दिसतो हेच माहीत नसतं. लडाखमधल्या हानले इथे भारताचं डार्क स्काय रिझर्व्ह आहे. तिथल्या अंधारात हा पट्टा स्वच्छ दिसतो. पण हानले समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरहून उंच आहे आणि नेमकं इथूनच मजा आणि त्रास यांची सांगड सुरू होते.

मनाली-लेह: एकाच रस्त्यावर सगळ्या परीक्षा

महाराष्ट्रातून गाडी घेऊन निघणाऱ्या अनेकांचं स्वप्न लडाख असतं. मुंबईपासून मनालीच सुमारे १,९०० किलोमीटर आहे. थकवा तिथूनच सोबत येतो.

मनाली सुमारे २,००० मीटर उंचीवर आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांग खिंड टाळून थेट लाहौलमध्ये उतरता येतं. अंतर ४६ किलोमीटरनं कमी झालं. पुढे तांदी इथे तो प्रसिद्ध पेट्रोल पंप लागतो. 'पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर' हा त्याचा फलक वर्षानुवर्षं प्रवाशांच्या फोटोंमध्ये आहे. इथे टाकी भरून घेणं हा या रस्त्याचा पहिला धडा.

त्यानंतर केलाँग आणि जिस्पा ही गावं साधारण ३,००० ते ३,२०० मीटरवर आहेत. मग बारालाचा खिंड लागते, उंची सुमारे ४,९०० मीटर. ती ओलांडून उतरलं की सरचू येतं, सुमारे ४,३०० मीटर. दिवसभर गाडी चालवून थकलेल्या माणसाला सरचूच्या मोकळ्या पठारावर गाडी लावून झोपावंसं वाटणं अगदी साहजिक आहे. चूक इथेच होते.

३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या झोपण्याच्या जागेची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असं पर्वतीय वैद्यकशास्त्राचा सल्ला सांगतो. जिस्पाहून सरचूला गेलं तर एका रात्रीत ही उंची हजार मीटरहून जास्त वाढते. सरचूला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के असतो, म्हणजे प्रत्येक श्वासातला ऑक्सिजनही तेवढाच.

दुसरी अडचण नकाशाची. उंचीचा त्रास वाढला तर खरा उपाय एकच, खाली उतरणं. पण सरचूच्या एका बाजूला बारालाचा आहे. दुसऱ्या बाजूला लाचुंगला ही ५,००० मीटरहून उंच खिंड आणि त्यापुढे सुमारे ५,३०० मीटरची तंगलंगला. खाली जायचं तरी आधी वर चढावं लागतं, तेही रात्री, आजारी अवस्थेत, एकट्यानं गाडी चालवत.

म्हणून काही जण केलाँग किंवा जिस्पाला दोन रात्री काढतात आणि पहाटे निघून त्याच दिवशी लेह गाठतात. लेह ३,५०० मीटरवर, म्हणजे सरचूपेक्षा बरंच खाली आहे. पण हा टप्पा सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपासचा आणि घाटांचा आहे. दोन चालक असतील तर जमतो. एकट्यापुढे पेच उभा राहतो: उंची म्हणते थांबू नकोस आणि थकवा म्हणतो थांब.

यातून बाहेर पडायचा सोपा मार्ग म्हणजे दिशा बदलणं. जाताना श्रीनगर-कारगिल रस्ता घ्यावा. श्रीनगर सुमारे १,६०० मीटर, कारगिल २,७०० मीटर आणि लेह ३,५०० मीटर, असा चढ टप्प्याटप्प्यानं येतो. वाटेतली सर्वांत उंच खिंड फोतुला ४,१०० मीटरची आहे. मनालीचा रस्ता परतीला ठेवावा. तोपर्यंत शरीराला विरळ हवेची सवय झालेली असते.

डोकं दुखतंय: उंचीमुळे की धुरामुळे?

उंचीच्या त्रासाची सुरुवात डोकेदुखी, मळमळ, चक्कर आणि थकव्यानं होते. कार्बन मोनॉक्साईडच्या विषबाधेची लक्षणंही डोकेदुखी, मळमळ, चक्कर आणि थकवा हीच आहेत. गाडीत झोपणाऱ्यासाठी ही सगळ्यात घातक जुळणी आहे.

कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही. इंजिन, जनरेटर, गॅसचा स्टोव्ह, कोळशाची शेगडी, जिथे जिथे इंधन अर्धवट जळतं तिथे तो तयार होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. झोपेत हे घडलं तर माणूस बेशुद्ध होतो आणि जागा होतच नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरव्हॅनमध्ये दोन जण मृतावस्थेत सापडले. गाडीतल्या जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साईड आत शिरल्यामुळे हे मृत्यू झाल्याचं तपासातून समोर आलं. तिथे उंची नव्हती, बर्फ नव्हता, एसी लावून झोपणं एवढंच निमित्त होतं.

यातून निघणारे नियम साधे आहेत. इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही, ना एसीसाठी ना हीटरसाठी. 'काच थोडी खाली केली आहे' ही पुरेशी सुरक्षा नाही. धुराची नळी बर्फात, चिखलात किंवा गवतात गाडली गेली असेल तर धोका आणखी वाढतो. गाडीच्या आत स्टोव्ह किंवा शेगडी पेटवायची नाही, पाऊस असला तरी. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साईड अलार्म ऑनलाइन मिळतो, तो उशाशी ठेवावा. शंका आली तर कारण शोधत बसू नये. आधी गाडीबाहेर मोकळ्या हवेत यावं आणि मदत मागावी.

इलेक्ट्रिक गाडीला धूर नसतो, त्यामुळे रात्रभर एसी किंवा हीटर चालवण्यात हा धोका नाही. मात्र त्यात खर्च होणारी बॅटरी सकाळच्या अंतरातून वजा होते, आणि दुर्गम भागात पुढचं चार्जिंग कुठे आहे हे आधी माहीत असावं लागतं.

उंचीचा त्रास गंभीर होतोय हे ओळखायची एक सोपी चाचणी आहे. सरळ रेषेत, एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत दहा पावलं चालायचं. तोल जात असेल, बोलणं अडखळत असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. अशा वेळी स्वतः गाडीही चालवायची नाही. जवळच्या तंबूवाल्याला, लष्करी चौकीला किंवा ट्रकचालकाला उठवायचं. म्हणूनच उंचावर एकट्यानं निर्जन जागी मुक्काम करू नये, हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर माणसं हवीत.

झोपेची उधारी

लडाखला न जाणाऱ्यांसाठीही एक धोका तितकाच खरा आहे: डुलकी. गाडीत झोप पूर्ण होत नाही. पाय पूर्ण पसरत नाहीत, ट्रकचे दिवे डोळ्यांवर येतात, सूर्य उगवला की आत उजेड आणि ऊन. अशा तीन-चार रात्रींची कमी झोप साठत जाते.

त्यात रस्ता सरळ असेल तर डोळे उघडे असूनही लक्ष हरवतं. ७०१ किलोमीटरच्या मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गावरच्या अपघातांनंतर 'महामार्ग संमोहन' हा शब्द मराठी वाचकांना परिचयाचा झाला. वळण नाही, चढउतार नाही, एकाच वेगाचा गुंजारव. अशा रस्त्यावर सोबतीचा माणूस गप्पा मारून चालकाला जागं ठेवतो. एकट्याकडे फक्त गाणी असतात आणि थोड्या वेळानं तीही अंगाई होतात.

मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ नं पगारी चालकासाठी दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती. स्वतःची गाडी चालवणाऱ्यावर अशी मर्यादा कुणी घालत नाही, ती त्यानंच घालावी लागते. दर दोन तासांनी खाली उतरणं, दुपारच्या जेवणानंतर वीस मिनिटं झोपणं आणि अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचणं एवढं पाळलं तरी बराच धोका टळतो. जांभया यायला लागल्या, मागचे दोन-तीन किलोमीटर आठवत नाहीत असं वाटलं, तर काच खाली करणं किंवा तोंडावर पाणी मारणं हा उपाय नाही. थांबून झोपणं हाच उपाय आहे. गाडीतच गादी असलेल्या माणसाला तर त्यासाठी काही सबबही उरत नाही.

रोजचे छोटे त्रास

*ओल:* झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात पेलाभर तरी पाणी हवेत जातं. बंद गाडीत ते थंड काचांवर जमतं आणि सकाळी रजई दमट लागते. समोरासमोरच्या दोन काचा बोटभर खाली ठेवून त्यांना बाहेरून मच्छरदाणीचं कापड लावलं की हवा खेळती राहते.

*ऊन:* उन्हात बंद गाडीतलं तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीस अंशांनी वाढू शकतं. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये दिवसा गाडीत झोपणं टाळावं. कोकण किनाऱ्यावर मे महिन्यातली रात्रही दमट असते, पंख्याशिवाय झोप लागत नाही. किनाऱ्यावर गाडी वाळूत नेणं तर अजिबात नको. भरतीचं पाणी चढलं की चाकं रुततात, मग टोचन लावायला ट्रॅक्टर बोलवावा लागतो आणि तोवर इंजिनात खारं पाणी शिरलेलं असतं.

*बॅटरी:* गाडीच्या मुख्य बॅटरीवर रात्रभर पंखा, दिवे आणि फोन चालवले तर सकाळी स्टार्टर फिरत नाही. त्यासाठी वेगळं पॉवर स्टेशन किंवा दुसरी बॅटरी हवी. जंप स्टार्ट केबलला दुसरी गाडी लागते. एकट्यानं खिशात मावेल असा जंप स्टार्टर जवळ ठेवलेला बरा.

*जेवण:* हौशीनं नेलेल्या मोठ्या स्वयंपाकाच्या सामानातलं निम्मं कधी उघडलंच जात नाही. भाजणी, मेतकूट, सातूचं पीठ, भाजलेले शेंगदाणे, गूळ यांना फ्रिज लागत नाही आणि भांडीही कमी पडतात. सरचूच्या उंचीवर पाणी साधारण ८६ अंशांनाच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय वरणभात शिजत नाही. स्टोव्ह पेटवायचा तो गाडीबाहेर, वाऱ्याला आडोसा करून.

*पाणी आणि शौच:* पिणं, स्वयंपाक आणि हातपाय धुणं धरून एका माणसाला दिवसाला आठ-दहा लिटर पाणी लागतं. शौचासाठी पंप आणि ढाब्यांच्या वेळा साधणं उत्तम. अगदीच उघड्यावर वेळ आली तर पाण्यापासून साठ मीटर दूर, पंधरा-वीस सेंटिमीटर खोल खड्डा करून तो बुजवावा. लडाख-स्पितीच्या थंड वाळवंटात मात्र पुरलेली घाण लवकर कुजत नाही. तिथे बंद पिशवीत परत आणणं योग्य. कागद, ओले वाइप्स आणि सॅनिटरी पॅड कुठेही पुरू नयेत.

*नाले:* हिमनद्यांच्या प्रदेशात दुपारी बर्फ वितळतो आणि रस्त्यावरून वाहणाऱ्या नाल्यांचं पाणी चढतं. ग्राम्फू-काझा रस्त्यावर पहाटे टाचभर असलेला नाला दुपारी गाडी अडवतो. एकट्यानं असे नाले सकाळीच ओलांडावेत, आणि समोरून किंवा मागून दुसरी गाडी येईपर्यंत थांबावं.

एकटेपणा आणि सुरक्षितता

पहिले दोन दिवस भारी वाटतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी संध्याकाळ अंगावर यायला लागते, असं अनेक सोलो प्रवासी सांगतात. सुंदर काही दिसलं की दाखवायला कुणी नाही आणि काही बिघडलं की चिडायलाही कुणी नाही. यावर उपाय म्हणून दर तीन-चार रात्रींनंतर एक रात्र होमस्टे किंवा लॉजमध्ये काढावी. गरम आंघोळ होते, कपडे धुतले जातात, सलग झोप मिळते आणि कुणाशी तरी पोटभर बोलणं होतं. ही हार नाही, पुढच्या चार दिवसांची तयारी आहे.

सोशल मीडियावर पोस्ट करणाऱ्यांसाठी एक नियम फार महत्त्वाचा: मुक्कामाची जागा तिथून निघाल्यावरच सांगावी. 'आज रात्री इथे एकटाच' किंवा 'एकटीच' असा लाइव्ह व्हिडिओ हजारो अनोळखी लोकांना पत्ता देतो. घरच्या एका माणसाला मात्र रोज जागा, पुढचा रस्ता आणि पुढच्या संपर्काची वेळ कळलेली असावी. नेटवर्क नसलेल्या पट्ट्यात शिरण्याआधी 'उद्या दुपारी दोनपर्यंत फोन आला नाही तर चौकशी कर' असा निरोप ठेवावा.

एकट्या महिलांना या प्रवासात जास्त गणितं करावी लागतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. स्वच्छतागृह कुठे आहे, अंधार कधी पडतो, कोण किती वेळ बघतंय, याचा हिशेब पुरुषांना सहसा करावा लागत नाही. कुटुंबांची ये-जा असलेल्या जागी थांबणं, काचांना आतून पडदे लावणं, चालकाच्या सीटपर्यंत आतूनच पोचता येईल अशी मांडणी करणं आणि गाडीचं तोंड बाहेरच्या रस्त्याकडे ठेवणं, ही खबरदारी अनुभवी महिला प्रवासी घेतात. जागा मनाला पटली नाही तर कारण न शोधता निघून जावं. शेवटच्या दोन गोष्टी पुरुषांनीही कराव्यात अशाच आहेत.

मदतीसाठी तीन क्रमांक पाठ असावेत: कुठल्याही आपत्कालीन मदतीसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीसाठी १०३३ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८.

घरूनच ठरवून निघायच्या गोष्टी

थकलेलं डोकं चुकीचे निर्णय घेतं आणि ते बरोबरच वाटतात. म्हणून महत्त्वाचे निर्णय ताज्या डोक्यानं आधीच घेऊन, कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवावेत. सोबतीच्या माणसाचं काम काही प्रमाणात हा कागद करतो:

• सूर्यास्तानंतर गाडी चालवायची नाही.
• दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त स्टिअरिंगवर बसायचं नाही.
• टाकी अर्धी झाली की पहिल्या पंपावर भरायची.
• इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही, गाडीत काहीही पेटवायचं नाही.
• ३,००० मीटरच्या वर डोकं दुखत असेल तर आणखी वर जाऊन झोपायचं नाही.
• संध्याकाळी ठरलेल्या वेळी घरी फोन. नेटवर्क नसेल तिथे आधी कळवून जायचं.
• प्रवासात एक-दोन दिवस मोकळे ठेवायचे, म्हणजे रस्ता बंद झाला तरी घाई होत नाही.

पहिला प्रयोग घरापासून शंभर-दीडशे किलोमीटरवर, ओळखीच्या माणसाच्या शेतात किंवा एखाद्या कॅम्पसाइटवर, एकाच रात्रीसाठी करावा. गादी आखूड पडते का, डास किती येतात, रात्री तीनला जाग आल्यावर मन घाबरतं का, हे एका रात्रीत कळतं. जमलं नाही तर सकाळी दोन तासांत घरी येता येतं. सरचूच्या पठारावरून ते येत नाही.